जर्मनीतील कॅथलिक–प्रॉटेस्टंट पंथभेद

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा आंदोलनातून जर्मनभाषक प्रदेशांतील ख्रिस्ती समाजाचे रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट (मुख्यतः ल्यूथरपंथी, काही भागांत कॅल्व्हिनपंथी) असे झालेले विभाजन. उत्तर व मध्य जर्मनी प्रॉटेस्टंट, तर बव्हेरिया, ऱ्हाईनकाठ व म्यून्स्टरचा परिसर कॅथलिक, अशी ढोबळ वाटणी सांगितली जाते. प्रत्यक्ष नकाशा मात्र ठिगळांचा आहे. शेजारशेजारच्या दोन गावांचे पंथ निराळे असणे यात नवल नव्हते. याची कारणे श्रद्धेइतकीच, किंबहुना अधिक, कायद्यात शोधावी लागतात.

आरंभ म्हणून ३१ ऑक्टोबर १५१७ हा दिवस रूढ आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट यास लिहिलेले त्या तारखेचे पत्र उपलब्ध असल्याने तारखेस भक्कम आधार आहे. विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धची ९५ प्रमेये (वादविषय मांडणारी विधाने) खिळ्यांनी ठोकल्याची कथा मात्र वादग्रस्त आहे. ती सांगणारा ल्यूथरचा सहकारी मेलांख्टोन विटेनबर्गला आला १५१८ मध्ये, आणि त्याने ती लिहिली ल्यूथरच्या मृत्यूनंतर (१५४६). कॅथलिक इतिहासकार एर्विन इझरलो याने १९६१ मध्ये ही घटना घडलीच नसल्याचे प्रतिपादन केले. पुढे २००६ मध्ये ल्यूथरचा सहायक गेऑर्ग रोरर याची एक टीप पुन्हा उजेडात आली. तीत एका नव्हे, विटेनबर्गमधील अनेक चर्चच्या दारांवर प्रमेये लावल्याचा उल्लेख आहे. तथापि रोररही प्रत्यक्षदर्शी नव्हता. वादसभेच्या सूचना चर्चच्या दारांवर लावणे ही विद्यापीठाची नेहमीची रीत होती. ती पाहता प्रमेये लावली गेली असावीत, पण ठरावीक दिवशी आणि खुद्द ल्यूथरच्या हातून लागली असतीलच असे नाही, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

आउग्सबुर्गच्या तहाने (२५ सप्टेंबर १५५५) संस्थानाचा पंथ ठरविण्याचा अधिकार तेथील शासकाला मिळाला. न पटणाऱ्या प्रजाजनास मालमत्ता विकून स्थलांतराची मुभा होती. ‘ज्याची भूमी, त्याचा धर्म’ हे प्रसिद्ध लॅटिन सूत्र मूळ तहात नाही. ते योआखिम श्टेफानी या ग्राइफ्सवाल्डच्या विधिज्ञाने नंतर रूढ केले. तहाने कॅल्व्हिनपंथीयांना मान्यता दिली नाही. शिवाय पंथ बदलणाऱ्या धर्मगुरू-शासकाने पद व प्रदेश सोडावा, हे कलम प्रॉटेस्टंटांनी मनापासून कधीच स्वीकारले नाही. तीस वर्षांच्या युद्धामागील (१६१८–४८) कारणांत या दोन त्रुटींना मोठे स्थान आहे.

वेस्टफेलियाच्या तहाने (१६४८) तोडगा काढला तो ‘प्रमाण वर्षा’चा. चर्च, मठ व उपासनेचे हक्क १ जानेवारी १६२४ रोजी ज्याच्याकडे होते त्याच्याकडेच राहावेत, असे ठरले. प्रॉटेस्टंटांना १६१८ हवे होते. प्रागच्या तहाने (१६३५) १६२७ धरले होते. १६२४ ही त्यांमधील तडजोड होय. हॅब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या सम्राट घराण्याची वंशपरंपरागत राज्ये यातून बहुतांशी वगळली गेली. येथून पुढे शासकाने पंथ बदलला तरी प्रजेला त्याच्यामागे जाणे भाग नव्हते. मात्र नियम सर्वत्र पाळला गेला असे नाही. साल्झबुर्गच्या आर्चबिशपने १७३१ मध्ये सुमारे २०,००० प्रॉटेस्टंटांना देशोधडीस लावले.

आउग्सबुर्ग, बीबेराख, राव्हेन्सबुर्ग व डिंकेल्सब्यूल या नगरांत समपंथ व्यवस्था, म्हणजे दोन्ही पंथांना समान हक्क व पदे देणारी व्यवस्था, आली. आउग्सबुर्गमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक बहुसंख्य झाले, तरी नगरपालिकेतील पदे निम्मीनिम्मीच राहिली. बीबेराखमध्ये एकाच चर्चमध्ये दोन्ही पंथ वेळा वाटून घेऊन उपासना करीत आणि अजूनही करतात. ओस्नाब्रुक या बिशपच्या संस्थानात तर गादीवर एकदा कॅथलिक बिशप, एकदा ब्रुन्सविक घराण्यातील प्रॉटेस्टंट राजपुत्र अशी पाळी लागे. १७६४ मध्ये या क्रमाने गादीवर आला तो इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा अवघ्या सहा महिन्यांचा मुलगा. पंचांगही दुभंगले होते. कॅथलिक संस्थानांनी १५८२ नंतर लवकरच ग्रेगरियन कालगणना घेतली, प्रॉटेस्टंटांनी १७०० मध्ये. तेव्हाही ईस्टरचे गणित त्यांनी वेगळेच ठेवले. परिणामी १७२४ व १७४४ मध्ये दोन पंथांचे ईस्टर वेगवेगळ्या रविवारी पडले. हा घोळ १७७६ मध्ये मिटला.

हा भेद लोकांच्या अंगवळणी केव्हा पडला, याविषयी मतभेद आहेत. हाइन्त्स शिलिंग व वोल्फगांग राइनहार्ट यांच्या मते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च व राज्ययंत्रणेने मिळून शाळा, पंथपाठ (प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण) आणि तपासण्यांद्वारे तो प्रजेत रुजवला. यात वरून लादल्या गेलेल्या शिस्तीवर नको तितका भर आहे, हा आक्षेप ग्राह्य वाटतो. आउग्सबुर्गच्या अभ्यासात एत्येन फ्रांस्वा यांनी दाखविल्याप्रमाणे पंथांमधली ‘अदृश्य सीमा’ मुलांची नावे ठेवण्यातून आणि सोयरिकीतून नागरिकांनीच जपली. ग्रामीण भागाबाबत असा निर्वाळा देणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकात राष्ट्रैक्याने जुना तंटा उकरून निघाला. १८७१ च्या साम्राज्यात प्रॉटेस्टंट सुमारे ६२ टक्के, तर कॅथलिक ३६ टक्के होते. चान्सेलर बिस्मार्कच्या कुल्टुरकाम्फमध्ये (कॅथलिक चर्चविरुद्धचा ‘संस्कृतिसंघर्ष’) जेझुइट या कॅथलिक धर्मसंघावर बंदी (१८७२), धर्मगुरूंच्या शिक्षणावर व नेमणुकांवर नियंत्रण (१८७३) आणि सक्तीचा नोंदणी विवाह (१८७५) असे कायदे झाले. उद्दिष्ट फसले, कॅथलिकांचा सेंट्रम पक्ष उलट बळावला. जर्मन जेझुइटांचे मुंबईतील कार्य याआधीचे असून सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनी १८६९ मध्ये स्थापन केले.

नाझींना १९३२ पर्यंत प्रॉटेस्टंट मतदारसंघांत तुलनेने अधिक मते मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून आलेल्या एक कोटीहून अधिक निर्वासितांमुळे एकपंथीय प्रदेश मिसळले, आणि ख्रिस्ती लोकशाही संघ हा दोन्ही पंथांचा पक्ष उभा राहिला. समर्थनाच्या (मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो याच्या) सिद्धांतावरील संयुक्त निवेदनावर ल्यूथरन महासंघ व रोम यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये सह्या केल्या. आज दोन्ही चर्चचे सभासद मिळूनही लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी भरतात. सुट्ट्यांत मात्र जुनी वाटणी टिकून आहे : धर्मसुधारणा दिन (३१ ऑक्टोबर) नऊ राज्यांत, सर्व संत दिन (१ नोव्हेंबर) पाच राज्यांत सार्वजनिक सुट्टीचा असून दोन्ही सुट्ट्या देणारे राज्य एकही नाही.