खाणं टाकलेल्या माणसाचं निदान: तीनशे वर्षांची चुकामूक

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन हे क्षयाचे जाणकार. १६८९ साली त्यांनी क्षयावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्यात अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत आहे. नुसता हाडांचा सापळा, भूक मेलेली, पाळी थांबलेली. पण ताप नाही, खोकला नाही, धाप नाही. अंग उलट गार. हे नेहमीच्या क्षयात बसेना, म्हणून मॉर्टननी तिचा आजार मज्जातंतूंशी जोडला. मुलगी औषधांना कंटाळली आणि दगावली.

पुढे १८७३ मध्ये लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे याच आजाराचं वर्णन केलं. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’, म्हणजे मानसिक कारणाने खाणं टाकणं, हे नाव गल यांचं. क्षयाची खूण सापडत नाही आणि इतकी खंगलेली मुलगी दिवसभर स्वस्थ बसत नाही, ही विसंगती त्यांनी नेमकी टिपली.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असूनही विसाव्या शतकात गाडी पुन्हा रुळावरून घसरली. १९१४ मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी पिट्यूटरी (मेंदूच्या तळाची, संप्रेरकं बनवणारी) ग्रंथी नष्ट झालेल्या, खंगून गेलेल्या एका स्त्रीचं शवविच्छेदन प्रसिद्ध केलं. मग कितीतरी वर्षं हडकुळ्या, पाळी गेलेल्या मुलींवर ‘सिमंड्सचा आजार’ असा शिक्का बसत राहिला. ग्रंथींचे अर्क टोचले गेले. मुलगी जेवत का नाही, हा प्रश्न मागे पडला. अखेर १९४९ मध्ये शीहान आणि समर्स यांनी दाखवून दिलं, की पिट्यूटरी निकामी झाली तरी माणूस सहसा असा खंगत नाही. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत महागात पडलेला गैरसमज.

दरम्यान, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांची नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, मन खिन्न झालं, डोक्यात सतत अन्नच. म्हणजे ही लक्षणं निव्वळ उपासमारीनेही येतात. त्यावरून मूळ कारण ठरत नाही.

कारण शोधायचं तर मनात डोकवायला हवं. मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या देहाच्या विपरीत जाणिवेवर बोट ठेवलं. १९७० मध्ये मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी जाड होण्याच्या भीतीला निदानाच्या निकषात स्थान दिलं. पण हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांना १९९० च्या दशकात असे बरेच रुग्ण भेटले, ज्यांना ती भीती नव्हतीच. ‘पोट फुगतं’, ‘भूक नाही’, एवढंच ते सांगत. आपल्याकडच्या डॉक्टरांनाही हे वाक्य ओळखीचं वाटेल.

२०१३ च्या डीएसएम-५ ने, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीने, ॲनोरेक्सियासाठीची पाळी थांबण्याची अट काढली आणि ‘आरफिड’ (खाणं टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार) हे वेगळं निदान आणलं. अन्नाचा पोत किंवा वास सहन न होणं, घास अडकण्याची धास्ती, खाण्यात रसच नसणं अशी कारणं त्यात येतात. वजनाची किंवा शरीरयष्टीची चिंता त्यामागे नसते. अन्नटंचाई आणि धार्मिक उपवास त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. मात्र शरीर तपासणं त्यानेही टळत नाही. अकॅलेशिया या आजारात अन्ननलिकेचा खालचा झडपेसारखा स्नायू सैल होत नाही, घास वर येतो, वजन घटतं. अशा तरुण मुलींवर ॲनोरेक्सियाचे उपचार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं), क्रोन्स (आतड्यांचा दाह) आणि ॲडिसन (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होणं) या आजारांतही अशी गल्लत होऊ शकते.