शिशाचे माप आणि खाणीतले पाणी

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील वर्क्सवर्थ या गावाला बाजार भरवण्याची सनद 1306 मध्ये मिळाली, पण शिशाशी त्याचे नाते त्याहून बरेच जुने आहे. इ.स. 835 च्या एका दस्तात इथल्या जमिनीच्या मोबदल्यात कँटरबरीच्या चर्चला दरवर्षी 300 शिलिंग किमतीचे शिसे देण्याची अट नोंदलेली आहे.

सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या इथल्या चुनखडीला पुढे भेगा पडल्या आणि खोलवरून आलेल्या उष्ण, खारट द्रावांतून त्या भेगांमध्ये गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, कॅल्साइटसह जमले. अशा उभ्या, अरुंद शिरा काही ठिकाणी थेट जमिनीवर उघड्या पडत, त्यामुळे फारसे भांडवल नसलेला माणूसही खणायला सुरुवात करू शकत असे. कायदाही त्याच्या बाजूने होता: दफनभूमी, बागा आणि हमरस्ते वगळता राजाच्या क्षेत्रात कोणालाही शिसे शोधण्याची मुभा होती, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. शीर सापडली की ‘बारमास्टर’ या अधिकाऱ्याला एक माप खनिज देऊन खाणीवरचा हक्क पक्का होई.

ते प्रमाण माप, 1513 मध्ये घडवलेले कांस्याचे लांबट पात्र, आजही गावाच्या मूट हॉल या सभागृहात आहे. त्यात सुमारे 14 पिंट, म्हणजे जवळपास 8 लिटर, खनिज मावते. वजनाऐवजी आकारमानाने मोजणे ढोबळ वाटेल, पण त्यामागे खनिज धुण्याची पद्धत होती. गॅलेना पाण्याच्या साडेसात पट जड, तर कॅल्साइट पावणेतीन पटीहूनही कमी. म्हणून कुटलेले खनिज वाहत्या पाण्यात धुतल्यावर हलका दगड निघून जाई आणि उरलेले खनिज जवळपास एकसारखे असल्याने आकारमानानेही मोजता येई. अर्थात, धुण्यात कसूर झाली तर मापात शिशाऐवजी दगडच भरे, आणि खनिजाच्या वादांसाठी इथे ‘बारमोट’ हे स्वतंत्र न्यायालयच होते.

खाणी खोल गेल्यावर खरा शत्रू ठरले ते भूजल. ते काढण्यासाठी डोंगराखालून मंद उताराचे लांब बोगदे खोदले गेले. शेजारच्या क्रॉमफर्डला अशाच एका बोगद्याच्या पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाने 1771 मध्ये उभारली. जमिनीखालून येणारे हे पाणी हिवाळ्यातही गोठत नसे. मात्र 1772 मध्ये त्याहून खालच्या पातळीवर मेअरब्रुक बोगद्याचे काम सुरू झाले आणि कालांतराने गिरणीचे पाणी तिकडे वळू लागले. प्रकरण न्यायालयात गेले. खाण कोरडी करण्यासाठी काढलेल्या पाण्यावर गिरणीमालकाचा कायमचा हक्क नाही, असा निकाल 1839 मध्ये लागला. त्या मेअरब्रुक बोगद्याचे पाणी पुढे नळांतून पिण्यासाठी पुरवले जाऊ लागले.