हुकूमशाहीतील प्रायोगिक राजकीय चित्रपट

हुकूमशाही राजवटीत, सेन्सॉरला बगल देऊन आणि कथा सांगण्याची रूढ पद्धत मोडून काढलेले राजकीय आशयाचे चित्रपट. यांतले बरेचसे प्रयोग हौसेपेक्षा अडचणीतून जन्मले.

नाव न घेता नेमके बोट दाखवण्याची रीत नागपूरकरांना नवी नाही. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत निघणारी काळी मारबत ही पुतळी इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसल्यांचे प्रतीक मानतात. मिरवणूक पाहणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की मारबतीमागून येणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, सत्ताधाऱ्यांना टोमणे मारणाऱ्या पाट्या उघड झळकतात, आणि हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये अशी पाटी लावण्याची सोय नव्हती. तेथे दिग्दर्शक पेरे पोर्ताबेया यांनी १९७० मध्ये ड्रॅक्युलावरील एका धंदेवाईक चित्रपटाच्या सेटवर जाऊन, त्याच नटांचे व त्याच प्रसंगांचे ‘वाम्पीर-कुआदेकुक’ हे वेगळेच चित्रण केले. त्यात मध्यम करड्या छटा जवळजवळ उरत नाहीत, चेहरे पांढऱ्या डागांसारखे दिसतात. खोटी कोळिष्टके उडवणारा पंखाही चौकटीत येतो, आणि शेवटच्या प्रसंगापर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. रक्त पिणारा, मरता न मरणारा म्हातारा सरदार कोण, हे प्रेक्षकाने ओळखायचे. फ्रँको १९७५ मध्ये वारला.

अर्जेंटिनात १९६६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर फेर्नांदो सोलानास आणि ओक्तावियो हेतिनो यांनी प्रयोगाचा रोख चित्रचौकटीकडून प्रेक्षकाकडे वळवला. त्यांचा ‘ला ओरा दे लोस ओर्नोस’ (१९६८) हा सव्वाचार तासांहून मोठा, तीन भागांचा चित्रपट घरांत आणि कामगार संघटनांच्या खोल्यांत चोरून दाखवला जाई, आणि मध्येच प्रक्षेपक थांबवून जमलेल्यांनी चर्चा करावी अशी त्याची रचनाच होती. अशा खेळाला येणे हाच गुन्हा असल्याने नुसता प्रेक्षक तेथे कोणी उरत नसे.

चिलीतील माहितीपटकार पात्रिसिओ गुस्मान यांच्यापुढचा प्रश्न रिळे वाचवण्याचा होता. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी फ्रान्सहून पाठवलेल्या कच्च्या फिल्मवर त्यांनी केलेले चित्रण ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर स्वीडनच्या दूतावासामार्फत बाहेर गेले, आणि संकलन क्यूबात झाले. छायालेखक होर्हे म्युलर यांना १९७४ मध्ये पकडून नेले. त्यांचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

भारतात आणीबाणीचा काळ (१९७५–७७) लॅटिन अमेरिकेतील लष्करी राजवटींच्या मानाने अल्प, पण कामाच्या पद्धती ओळखीच्या वाटाव्यात अशा होत्या. बिहार आंदोलनावरील ‘क्रांती की तरंगें’ या माहितीपटासाठी आनंद पटवर्धन यांनी सुपर-८ या छोट्या, हौशी वापराच्या फिल्मवर टिपलेली दृश्ये पडद्यावर पाडून ती १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपली. आणीबाणी लागल्यावर हा पट लपूनछपून दाखवला गेला. त्याच्या एका प्रतीचे तुकडे करून ते देशाबाहेर नेण्यात आले व परदेशात पुन्हा जोडण्यात आले.