भूसुरुंगात पाय गेला, पाच लाखांचा अर्ज अडतो कुठे

वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रामुळे पुण्यात पाय बसवायला लांबलांबून लोक येतात, त्यात कधी जम्मूतल्या सीमेलगतच्या पूंछ-राजौरीकडचं कोणी भेटतं. गुरांमागे गेला, पावसात वरून वाहून आलेल्या सुरुंगावर पाय पडला. आणि दरवेळी तेच, केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज परत आलाय.

गृहमंत्रालयाची योजना आहे. दहशतवाद, नक्षली हिंसा यांच्या जोडीला २०१६ पासून सीमेपलीकडचा गोळीबार आणि भूसुरुंग स्फोटही त्यात आले, रक्कमही ३ लाखांवरून ५ लाख झाली. फक्त सिव्हिलियनसाठी, मृत्यू किंवा ५० टक्के आणि वर कायमचं अपंगत्व. घटना २०१६ च्या आधीची असेल, म्हणजे २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रमच्या वेळी (संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य जमवलं तेव्हा) शेतात पेरलेले सुरुंग वगैरे, तर पाच लाख धरून बसू नका, आधी विचारा.

अडतं ते एफआयआरवर. माणूस रक्तबंबाळ असताना घरचे त्याला खाटेवर घालून दवाखान्यात पळवणार की ठाण्यात जाणार? मग पोलिसांत नोंदच नसते, आणि केसपेपरवर डॉक्टरनी नुसतं 'पायाला इजा' लिहिलेलं. साहेब म्हणणार पुरावा कुठाय. अहो, पाय नाहीये हा पुरावा नाही का! पण कागदाला कागदच लागतो, म्हणून डिस्चार्जच्या आधीच केसपेपरवर 'सुरुंग स्फोट' लिहून घ्या आणि उशीर झाला असला तरी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

दुसरी गोची टक्क्यांची. अपंगांच्या बहुतेक सरकारी सवलतींना ४० टक्के पुरतात म्हणून लोक निवांत होतात, इथे ५० लागतात. पायाचा पुढचाच भाग गेला असेल तर आकडा खाली राहू शकतो, तेव्हा सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच आकडा वाचा.

बाकी आधार, पासबुक, मृत्यू असेल तर दाखला आणि वारसाचे कागद. अर्ज घटना घडली त्या जिल्ह्याच्या डीसी (तिथला कलेक्टर) ऑफिसात, पुण्याच्या कलेक्टर कचेरीत चकरा मारून उपयोग नाही.

आणि मंजूर झाल्यावर पैसे खात्यात दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, ते तीन वर्षं एफडीत अडकतात, हातात येतं ते तिमाही व्याज. 'लवकर सोडवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.