सदाफुली : पाकिटातून आलेली २५ पानं

सदाफुलीला ना खत लागतं, ना कौतुक. भिंतीच्या भेगेतही रुजते आणि बारा महिने फुलते, म्हणून तर हे नाव. मूळची ती मादागास्कर बेटावरची. जहाजांबरोबर ती उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरली. १७५९मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘विंका रोझिया’ म्हटलं. आजचं शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत सदाफुली सापडते, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर जरा जपूनच ऐकावं.

जिथे रुजली तिथे ती घरगुती औषधांत शिरली. नवल असं, की जमैका, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका अशा एकमेकांपासून लांबच्या मुलखांत तिच्या कडू पानांचा काढा एकाच दुखण्यावर घेत : मधुमेहावर.

१९५२मध्ये जमैकातल्या एका डॉक्टरने कॅनडात क्लार्क नोबल यांना पाकिटातून २५ पानं पाठवली. १९२१मध्ये मधुमेहावरच्या इन्सुलिनच्या प्रयोगांत त्याचा शोध लावणाऱ्या बँटिंगच्या हाताखाली आधी कोणी काम करायचं यासाठी नाणं उडवलं गेलं आणि चार्ल्स बेस्ट जिंकले, अशी कथा सांगतात. हरले ते हेच नोबल. त्यांनी पानं आपले भाऊ रॉबर्ट यांच्या प्रयोगशाळेत दिली. अर्क उंदरांना पाजला, रक्तातली साखर तसूभर हलली नाही. मग टोचून पाहिला, तर काही दिवसांत उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या.

एखाद्याने प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. रॉबर्ट नोबल यांना मात्र वेगळंच सुचलं : पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगावर हे चालेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी अर्कातून व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य वेगळं काढलं, आणि १९५८मध्ये ते जाहीर झालं. त्याच सुमारास एली लिली ही औषध कंपनीही मधुमेहाचाच धागा धरून याच झाडापाशी पोचली होती. अमेरिकेत १९६१मध्ये व्हिन्ब्लास्टिनला आणि १९६३मध्ये याच झाडातून मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. ही द्रव्यं ते तंतू जुळूच देत नाहीत, आणि विभाजन अर्ध्यावर अडकतं. झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही त्यात सापडतात. उंदरांचं तेच झालं.

पानांत ही द्रव्यं असतात नावापुरती : ग्रॅमभर व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. त्यामुळे सकाळी चार पानं चघळून कर्करोग बरा होईल, ही समजूत खुळीच; शिवाय झाड विषारी आहे ते वेगळंच.

या औषधांच्या कमाईतला वाटा झाडाच्या मूळ देशाला मिळायला हवा होता का, हा वाद निघाला की मादागास्करचं नाव हमखास येतं. पण पाकीट आलं जमैकातून, काढा पीत होते तिथले रुग्ण. अशा वाट्याचा हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय जैवविविधता करार १९९२मध्ये झाला. तोवर ही औषधं विकायला लागून तीस वर्षं उलटली होती.