जावा वेब सेवांची बांधणी व संरूपण

जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या वेब सेवेचा (जाळ्यावरून इतर प्रोग्रामांच्या मागण्यांना उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स कोड कंपाइल करणे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे भाग) योग्य आवृत्तीत गोळा करणे, चाचण्या चालवणे, सर्व्हरवर चढवता येईल असे एकच पुडके तयार करणे आणि ते पुडके कोणत्या पोर्टवर, कोणत्या डेटाबेससह चालावे हे ठरवणे, या सगळ्या कामाला मिळून बांधणी व संरूपण म्हणतात. बोलण्यात ‘बिल्ड’ आणि ‘कॉन्फिगरेशन’ हेच शब्द रूढ आहेत. बांधणी हा शब्द कोकण किनाऱ्यावर मचव्याच्या आणि होडीच्या संदर्भात आधीपासून वापरात आहे आणि अर्थाने तो येथे चपखल बसतो, म्हणून या नोंदीत तो स्वीकारला आहे.

बांधणीची स्वयंचलित साधने जावापेक्षा जुनी आहेत. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे लिहून ठेवायचे आणि जी बदलली तिच्यावरचेच काम पुन्हा करायचे, हे त्याचे तत्त्व पुढच्या बहुतेक साधनांनी घेतले. जावा १९९५ मध्ये जाहीर झाल्यावर सुरुवातीची काही वर्षे जावा प्रकल्पही मेकनेच बांधले जात.

जावासाठी स्वतंत्र साधन म्हणून ‘अँट’चा उल्लेख प्रथम येतो. त्याचे कर्ते जेम्स डंकन डेव्हिडसन हे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते आणि टॉमकॅट हा जावा वेब सर्व्हर मुक्तस्रोत (सोर्स कोड सर्वांना खुला) होण्याच्या काळात त्यांनी हे साधन घडवले. अँटचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा याबाबत एकवाक्यता नाही. टॉमकॅटच्या सोबत ते आधीच फिरत होते; स्वतंत्र आवृत्ती, तीही १.१ या क्रमांकाची, जुलै २००० मध्ये आली. प्रकाशनाची तारीख पडताळता येते म्हणून २००० हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित वाटते. मात्र साधनाची घडण त्याच्या एक-दोन वर्षे आधीची मानायला हरकत नाही. नावाबद्दलही दोन मते आहेत. मूळ कर्त्याच्या म्हणण्यानुसार ते ‘आणखी एक नेटके साधन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. मुंग्या उत्तम बांधकाम करतात, किंवा त्या स्वतःच्या कित्येक पट वजन वाहतात म्हणून हे नाव पडले, अशी स्पष्टीकरणे नंतरची आहेत. ती समर्पक असली तरी कर्त्याचीच साक्ष उपलब्ध असताना त्यांना दुय्यम मानावे लागते. मेकच्या फाइलीत ओळीच्या आरंभी टॅबऐवजी रिकामी जागा पडली तर आज्ञा चालत नाही आणि डोळ्यांना ती चूक दिसतही नाही. या त्रासातून अँटची कल्पना निघाली, असे अँटच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे.

अँटमध्ये प्रत्येक पायरी लेखकाने लिहायची असल्यामुळे प्रत्येक प्रकल्पाची बांधणी निराळी होत गेली. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेच्या जकार्ता प्रकल्पाच्या टर्बाइन या शाखेत हीच अडचण होती: थोड्याथोड्या फरकाच्या अनेक बांधणी-फाइली आणि सोर्स कोडच्या शेजारी साठवलेल्या जार फाइली (जावा लायब्रऱ्यांची पुडकी). ती दूर करण्याच्या प्रयत्नातून ‘मेव्हन’ जन्मले. जेसन व्हॅन झिल हे त्याचे प्रमुख प्रवर्तक होत. नाव यिडिश भाषेतले असून ज्ञानसंचय करणारा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. १.० ही आवृत्ती २००४ मध्ये, बरीच बदललेली २.० ही २००५ मध्ये आणि ३.० ही २०१० मध्ये आली.

मेव्हनने दोन गोष्टी रुजवल्या. पहिली म्हणजे ठरलेली मांडणी. सोर्स कोड, चाचण्या आणि तयार झालेला माल कोठे असावा हे प्रकल्पागणिक बदलत नाही, त्यामुळे अनोळखी प्रकल्प उघडणाऱ्यालाही वाट सापडते. दुसरी म्हणजे पॉम ही फाइल. तिच्यात प्रत्येक लायब्ररी गट, नाव आणि आवृत्ती या तीन खुणांनी नोंदवली जाते, आणि त्या खुणांवरून ती मध्यवर्ती भांडारातून उतरवून यंत्रावरच्या स्थानिक भांडारात ठेवली जाते. नोंदवलेल्या लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्रऱ्याही मागोमाग येतात, आणि एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोरासमोर आल्या की खरा प्रश्न उभा राहतो. समजा, आपली सेवा ‘क’ वापरते आणि ‘क’ला ‘ग’ची पहिली आवृत्ती लागते. तीच सेवा ‘ख’ वापरते, ‘ख’ला ‘च’ लागतो आणि ‘च’ला ‘ग’ची दुसरी आवृत्ती हवी असते. मेव्हन येथे पहिली आवृत्ती उचलते, कारण ती मुळापासून जवळ आहे. नवी-जुनी हा निकष त्याच्याकडे नाही. अंतर सारखे असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेल्याचा मान. परिणाम असा, की बांधणी बिनबोभाट पार पडते आणि सेवा चालू झाल्यावर ‘च’ला हवी असलेली मेथड (‘ग’मधील ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) सापडत नाही. अशा वेळी अवलंबनांचा वृक्ष, म्हणजे कोणती लायब्ररी कोणामुळे आली याची उतरंड, छापून पाहणे आणि हवी ती आवृत्ती पॉममध्ये स्पष्ट लिहिणे हाच खात्रीचा उपाय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील गंभीर दोष उघड झाला, तेव्हा आपल्या सेवेत ती कोणत्या वाटेने शिरली आहे हे शोधण्यासाठी अनेकांनी हा वृक्ष प्रथमच वाचला.

‘ग्रेडल’ची १.० आवृत्ती २०१२ ची. त्याची बांधणी-फाइल ग्रूव्ही किंवा कॉटलिन भाषेत लिहितात आणि आवृत्त्यांच्या संघर्षात ते सहसा सर्वांत वरची आवृत्ती निवडते. मोठ्या प्रकल्पांत त्याचा वेग उपयोगी पडतो. दोन-तीन जणांच्या कार्यालयात, जेथे एक जण सोडून गेला की दुसऱ्याला फाइल वाचूनच काम पुढे न्यावे लागते, तेथे मेव्हनची शिस्त अधिक उपकारक ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वेब सेवांच्या बाजूने पाहता ‘सोप’ या संदेश-नियमावलीची आखणी १९९८ ची मानतात. प्रसिद्धी १९९९ मध्ये झाली, १.१ आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे २००० मध्ये टिपणाच्या रूपात गेली आणि १.२ ला शिफारशीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. रॉय फील्डिंग यांनी ‘रेस्ट’ ही वेबवरील प्रणाली रचण्याची शैली २००० मधील आपल्या प्रबंधात मांडली. जावात सोपसाठी जॅक्स-डब्ल्यूएस आणि रेस्टसाठी जॅक्स-आरएस ही प्रमाणके आली. यांपैकी पहिले डिसेंबर २००६ च्या जावा ६ पासून भाषेच्या मूळ संचातच समाविष्ट झाले. सेवेचे वर्णन असलेली विस्डल फाइल दिली की तिच्यावरून जावा वर्ग (क्लास, म्हणजे कोडचे घटक) तयार करून देणारे साधनही त्यासोबत मिळे. ही सोय अंगवळणी पडल्याने बहुसंख्य प्रकल्पांनी पॉममध्ये जॅक्स-डब्ल्यूएसची नोंदच केली नाही. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्स-बी (एक्सएमएल मजकूर आणि जावा वर्ग यांत रूपांतर करणारे प्रमाणक) हे दोन्ही काढून टाकण्यात आले, आणि जावा ८ वर वर्षानुवर्षे बांधली जाणारी सेवा नव्या यंत्रावर ‘पॅकेज (वर्गांचा गट) अस्तित्वात नाही’ या अर्थाच्या संदेशाने अडू लागली. लायब्ररी, तिचे प्रत्यक्ष कार्यान्वयन आणि वर्ग तयार करणारे प्लगइन (मेव्हनला जोडायचा पूरक भाग) या तिन्ही गोष्टी पॉममध्ये लिहिल्या की बांधणी पुन्हा होते. तयार झालेले वर्ग मात्र सोर्स कोडमध्ये मिसळू नयेत. ते दर वेळी विस्डलवरूनच निघावेत.

याच सुमारास दुसरे स्थित्यंतर घडले. जावाची एंटरप्राइझ आवृत्ती (मोठ्या सर्व्हर-प्रणालींसाठीचा प्रमाणकांचा संच) ओरॅकल या कंपनीकडून इक्लिप्स फाउंडेशन या मुक्तस्रोत संस्थेकडे गेली आणि २०१८ मध्ये तिचे नाव जकार्ता ईई झाले. जुन्या ‘जावाएक्स’ नामावकाशात (पॅकेजांच्या नावांच्या सामाईक आरंभात) बदल करण्याचा हक्क नव्या संस्थेला नसल्यामुळे २०२० च्या अखेरीस आलेल्या नवव्या आवृत्तीत सर्व पॅकेजे ‘जकार्ता’ या नावाखाली आली. टॉमकॅट ९ जुने नाव ओळखतो, टॉमकॅट १० नवे. दहाव्या टॉमकॅटवर जुनी वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायचे वेब सेवेचे पुडके) तशीच ठेवली तर सेवा मिळत नाही. स्प्रिंग बूट या जावा सेवा लिहिण्याच्या चौकटीच्या तिसऱ्या आवृत्तीने (नोव्हेंबर २०२२) हेच नाव स्वीकारले आणि किमान जावा १७ ची अट घातली. पूर्वीचा अपाचे जकार्ता प्रकल्प २०११ मध्ये संपुष्टात आला असून त्याचा या नामांतराशी संबंध नाही. संदर्भग्रंथ चाळताना ही गल्लत वारंवार आढळते.

संरूपणाचा नियम थोडक्यात असा: पुडके एकच, परिस्थिती अनेक. डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड पुडक्यात बांधू नयेत. स्प्रिंग बूटमध्ये पुडक्यातील प्रॉपर्टीज फाइलीवर (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या फाइलीवर) बाहेरची फाइल, तिच्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठेवलेले मूल्य) आणि त्याच्यावर कमांड लाइनवर दिलेले मूल्य मात करते.

कोकणातील कामाच्या दृष्टीने बांधणीचे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला जोडणीचा. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि दूरसंचार दीर्घकाळ विस्कळीत होते. टाळेबंदीमुळे गावच्या घरातून काम करणाऱ्यांचा तो पहिलाच पावसाळा होता. एरवीही जून ते सप्टेंबर या काळात जोडणी मध्येच तुटणे नेहमीचे आहे. लायब्ररी उतरत असताना ती तुटली, तर मेव्हनच्या बऱ्याच आवृत्त्या अपयशाची खूण स्थानिक भांडारात ठेवतात आणि जोडणी परत आली तरी ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाहीत. ‘वजा मोठा यू’ हा पर्याय देऊन त्यांना तो करायला लावावा लागतो. आगोटीला लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवावी तसे स्थानिक भांडारही पावसाआधी भरून ठेवता येते. मेव्हनच्या डिपेंडन्सी प्लगइनमध्ये त्यासाठी ‘गो-ऑफलाइन’ ही आज्ञा आहे, पण तिच्यावर विसंबू नये. चाचण्या चालवणारे शुअरफायर हे प्लगइन जेयुनिट या चाचण्या लिहिण्याच्या लायब्ररीला जोडणारा भाग चाचणीच्या क्षणीच मागवते, आणि तो या आज्ञेतून सुटू शकतो. म्हणून जोडणी असताना चाचण्यांसह एकदा पूर्ण बांधणी करावी, मग केबल काढून ऑफलाइन पर्यायाने तीच पुन्हा करावी. दुसरी पार पडली तरच भांडार भरले असे समजावे. एका कार्यालयात अनेक यंत्रे असतील तर सेटिंग्जच्या फाइलीत मिरर (मध्यवर्ती भांडाराऐवजी वापरायचा पत्ता) नोंदवून सर्वांनी एकाच अंतर्गत भांडारातून घेणे सोयीचे असते.

दुसरा प्रश्न देवनागरीचा. आंबा बागायतदारांसाठी पेटी-नोंदणीची सेवा लिहिली आणि तिच्या प्रॉपर्टीज फाइलीत ‘रत्नागिरी’ हे नाव ठेवले, अशी कल्पना करू. युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हसूचीत या शब्दाचे ९ संकेत (अक्षरे, मात्रा आणि हलन्त मिळून) होतात. यूटीएफ-८ या संकेतनात (संकेत बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येकाला ३ प्रमाणे २७ बाइट. जावा ८ पर्यंत संदेशांच्या प्रॉपर्टीज फाइली लॅटिन-१ या एका बाइटला एक चिन्ह मानणाऱ्या संकेतनात वाचल्या जात, त्यामुळे २७ बाइटची २७ निरर्थक चिन्हे होत आणि ती टाळण्यासाठी नेटिव्ह-टू-आस्की या साधनाने फाइल आधी रूपांतरित करावी लागे. २०१७ च्या जावा ९ पासून अशा फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचल्या जातात. सोर्स कोडमधील मजकूर मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतनावर अवलंबून राहिला, म्हणून एकाच पॉमवरून लिनक्स यंत्रावर नाव नीट येई आणि विंडोजवर बिघडे. सोर्सचे संकेतन यूटीएफ-८ असल्याची एक ओळ पॉममध्ये लिहिल्यास हा फरक उरत नाही. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ संकेतन ठरले. तरीही जुन्या जावावर कोणी बांधणी करील ही शक्यता धरून ती ओळ ठेवावी.