चंद्र आणि मंगळ ही एकाच वाटेवरची गावं नाहीत

‘आधी चंद्र, मग मंगळ’ म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांना कोल्हापूर-सातारा-पुणे असा रस्ता दिसतो. सातारा आलं, आता पुणं किती लांब! शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत वर्षानुवर्षं हेच चित्र बघतोय. पृथ्वी, चंद्र, मंगळ एका रांगेत आणि मधून तुटक रेघ. ती रेघ पोरांच्या डोक्यात पक्की बसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चंद्राचं सगळ्यांना ठाऊक आहे. सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, तीन-चार दिवसांचा प्रवास, वजन सहाव्या हिश्शावर. मंगळावर वजन तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त, हवा अगदी विरळ, दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा. हे कुठल्याही तक्त्यात मिळतं, त्यात कुणी फसत नाही.

लोक फसतात ते परतीच्या हिशोबात.

सकाळी रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस घ्या. त्याचं पोर त्याच्याभोवती बागडत चाललंय. माणूस ही पृथ्वी, पोर हा चंद्र. दोघं मिळूनच सूर्याची फेरी पुरी करतात, म्हणून हाक मारली की पोर जवळच असतं. मंगळ बाहेरच्या, लांबच्या वाटेनं सावकाश चालणारा दुसराच गृहस्थ. आपली फेरी ३६५ दिवसांची, त्याची ६८७ दिवसांची. साधारण २६ महिन्यांतून एकदा दोघं शेजारी येतात. कधी अंतर साडेपाच कोटी किलोमीटर, कधी चाळीस कोटी. यान सोडायचं ते ही गाठ साधूनच. नासाचं मंगळावर उतरणारं ‘इनसाइट’ यान मार्च २०१६ मध्ये निघणार होतं. भूकंपमापकात गळती सापडली आणि ते निघालं थेट मे २०१८ मध्ये.

यंत्र थांबू शकतं. माणसांचं काय? सहा ते नऊ महिने प्रवास करून ती मंगळावर उतरतील, तोवर पृथ्वी पुढं निघून गेलेली असेल. परतीची वेळ जुळायला नेहमीच्या आखणीत ५०० दिवसांच्या आसपास तिथंच राहावं लागतं. आपल्या शेतकऱ्याला हा काळ लगेच कळेल. आडसाली ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत जवळपास एवढेच दिवस जातात. कमी मुक्कामाचे मार्गही आहेत, पण त्यांना इंधन जास्त लागतं आणि प्रवासाचे दिवस वाढतात.

एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडं निघालेल्या अपोलो १३ या अमेरिकी यानाच्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाला. तिघंही अंतराळवीर चार दिवसांच्या आत जिवंत घरी आले, कारण ते चंद्राच्या वाटेवर होते. मंगळाच्या अर्ध्या वाटेवर असं झालं, तर मागं वळून चार दिवसांत घर गाठणं शक्यच नाही. मंगळावरून तर नुसती हाक पृथ्वीवर पोचायलाही तीन ते बावीस मिनिटं लागतील. म्हणून मी आधी चंद्राच्या बाजूचा. भारतानं २०४० पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचं ठरवलंय, ते मला पटतं. हवा-पाणी पुन्हा वापरणारी यंत्रं तिथं वर्षानुवर्षं चालवून बघावीत. ती बिघडली तर माणसं घरी येऊ शकतील.

पण ‘चंद्रावर तळ झाला की तिथून हवं तेव्हा मंगळाला निघता येईल’ हे सांगणं थांबवा. चंद्र आपल्याबरोबरच फिरतोय. तिथून निघणाऱ्यालाही त्याच २६ महिन्यांच्या गाठीची वाट बघावी लागेल.